गच्चीवरचा बांगडा

कोल्हापुरात राहून मटणाला नुसतं ‘ठीक हाय’ म्हणणारा आणि तरीही हातीपायी धड राहिलेला माझ्या माहितीतला एकच माणूस, म्हणजे माझे मामेसासरे. घर कसबा बावड्यात, नोकरी साखर कारखान्यात. पण तरुणपणी काही वर्षं मालवणला काढली आणि तिथून हा गृहस्थ माशाची दीक्षा घेऊनच परतला. एकोणीसशे नव्वदच्या सुमाराला माझं लग्न झालं, तेव्हा मांडवात त्यांची ओळख ‘हे बांगडेवाले मामा’ अशीच करून दिली गेली.

त्यांच्याबरोबर मासे आणायला जाणं म्हणजे शिक्षा. प्रत्येक बांगड्याचे कल्ले उचकटून आत लाल आहे का बघायचं, डोळ्याला डोळा भिडवायचा, पाठीवर बोट दाबायचं. एकदा मासेवाली वैतागून म्हणाली, “मामा, मासा घ्यायला आलायसा का सून बघायला?” मामा गंभीरपणे म्हणाले, “सून एवढी बघितली न्हवती, म्हणून तर हितं बघतोय.”

रांधण्याची त्यांची तऱ्हा अगदी साधी. मीठ, हळद, तिखट, आमसूल. बास. बांगड्याला हे चोळायचं, तांदळाच्या पिठात घोळवायचा आणि तव्यावर टाकून गप्प बसायचं. कोळंबीनं अंग आकसलं की पातेलं खाली. “मटणागत रटारटा शिजवायला ते काय बोकड हाय व्हय?” एकदा माझ्या बायकोनं मोठ्या मायेनं सुरमईच्या कालवणात कांदा-लसूण मसाला घातला. मामांनी ताट सारलं, चपला घातल्या आणि उसाच्या रानात एक फेरी मारून आले. “कुठं गेलता?” मी विचारलं. “मातीला,” ते मयतावरून आल्यासारखं तोंड करून म्हणाले. “सुरमईच्या.”

हा सगळा कारभार चालायचा गच्चीवर. कारण मामी. त्यांच्या गारगोटीच्या माहेरी बकरं पडायचं, पण मासा कधी उंबऱ्याच्या आत आला नव्हता. वास आला तरी त्यांना मळमळायचं. आणि मामांची आयुष्यात इच्छा एकच, की हिनं एकदा तरी आपल्या हातचा मासा चाखावा. दर रविवारी जिन्यातून हाक जायची, “अगं, आज वास न्हाई, काटा न्हाई. एक घास खाऊन तर बघ की!” खालून उत्तर यायचं, “तुमचं तुमी खावा.” मामा चिडायचे नाहीत. पुढच्या रविवारी मासा आणखी साधा करायचे. शेवटी तर नुसतं हळद-मीठ लावून केळीच्या पानात वाफवायला लागले. मला ते बघून हसू यायचं आणि वाईटही वाटायचं.

मग मामांना मोठं दुखणं झालं. त्यातून उठले, पण तोंडाची चव पार गेली. गोड-खारट काही कळेना. तरी रविवारी हट्टानं गच्चीवर गेलेच. बांगड्याचं कालवण उकळलं आणि मामा पळी हातात धरून अडले. मिठाचा अंदाज येईना. मी हात पुढं केला. “तू नगं. तुझी जीभ तांबड्या रश्श्यानं भाजून गेलीया.”

तेवढ्यात मामी जिना चढून आल्या. त्यांनी तळहात पुढं धरला. मामांनी थेंबभर कालवण त्यावर सोडलं. मामींनी डोळे मिटून ते चाटलं.

“मीठ कमी हाय,” त्या म्हणाल्या.

मामांनी चिमूटभर टाकलं. मामींनी पुन्हा तळहात धरला, पुन्हा चाखलं. “आता झालं बघा. चांगलं लागतंय.”

मामा पळीनं कालवणच ढवळत राहिले. मग आम्ही तिथंच जेवायला बसलो. त्यांना त्या कालवणाची काडीचीही चव लागत नव्हती, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. पण भुरके मारत, भात मागून घेत, मामा दर घासाला मला सांगत होते, “चांगलं लागतंय म्हणाली. ऐकलंस न्हवं?”