उरलेला निखारा

चूल मोडल्यापासून अक्षय तृतीयेला आम्ही पांढुर्ण्याच्या बाजारातून कोळशाचं पाकीट आणतो. आमच्याकडे घरातल्या वारलेल्या प्रत्येक माणसाच्या नावानं एक निखारा मांडतात आणि त्यावर तूप-पोळीचा घास सोडतात. पाकीट दरवर्षी महाग होतं आणि आतला माल कमी. निखारे पुरले नाहीत की आई खडे फोडून भागवायची.

यंदाचं पाकीट तर ओंजळीत मावेल एवढंच होतं, त्यात बाबांचा निखारा नव्यानं वाढलेला. मी दुकानदाराच्या नावानं बोटं मोडून राहिलो होतो. तरी एकही खडा न फोडता सगळ्यांना पुरून एक निखारा उरला. मी तो विझवायला पाणी घेतलं. घरात आता राहणारे आम्ही दोघंच.

"राहू दे त्याले," आई म्हणाली. "तो कोनाचा हाय, ते अजून मालूम नाही."