काठावरचं बोट

नवा स्टीलचा ग्लास घरात आला की माझे वडील, अण्णा, आधी त्याच्या काठावरून बोट फिरवतात. दारूगोळ्याच्या कारखान्यात त्यांनी आयुष्यभर हेच केलं. पिस्तुलाच्या काडतुसाची पितळी पुंगळी घ्यायची, तिच्या तोंडाला राहिलेली बारीक धार काढायची आणि शेवटी बोटानं तपासायची. तोंड खरबरीत राहिलं तर गोळी सरळ बसत नाही. "चालवणारा मला ओळखत नाही," अण्णा म्हणायचे, "पण त्याचा जीव माझ्या बोटापाशी असतो."

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. त्याचा अभिमान आहे, लपवत नाही. पण परीक्षेत माझं चुकलं तर मार्क जायचे, इतकंच.

परवा सहा ग्लास आणले. अण्णांनी एकेक तपासून ओळीत मांडला. "सगळे पास. काय गुळगुळीत आहेत बघ!" शेवटच्या ग्लासाच्या काठाला मला रक्त दिसलं.

"अण्णा, हात बघू."

"हात काय बघतोस, ज्योतिषी आहेस का? ग्लास बघ."

बोट कापलं होतं. साखरेच्या आजारानं बोटं बधिर झाली आहेत, असं डॉक्टर कधीचे सांगत होते. अण्णांना ते पटत नव्हतं. आता ते रक्ताकडे बघत राहिले.

"मग हे सगळेच परत बघायला हवेत," ते म्हणाले. त्यांनी माझा हात धरला आणि माझं बोट पहिल्या ग्लासाच्या काठावर ठेवलं.

"सावकाश फिरव. घाई करायची नाही."