बाबा, डेनिस आणि ते इराक युद्ध

इराकचं युद्ध सुरू व्हायच्या आधीचा फेब्रुवारी होता. शनिवारी सकाळी मी सासऱ्यांना घेऊन जर्मनीतल्या आमच्या ब्योब्लिंगेनहून एस-बानने, म्हणजे लोकलने, श्टुटगार्टला निघाले... फिरायला नाही, युद्धविरोधी मोर्चाला!

बाबा नागपूरचे, इतिहासाचे शिक्षक. रिटायर झाल्यावर काही महिने आमच्याकडे राहायला आले होते. एकाहत्तर साली अमेरिकेचं आरमार बंगालच्या उपसागरात आलं, तेव्हा ते नुकतेच नोकरीला लागले होते... तेव्हापासून अमेरिकेवर जो राग धरलाय तो धरलाय. व्हिएतनाम, चिली, सगळं तोंडपाठ. जेवताना हा विषय निघाला की माझा नवरा प्रशांत हळूच ताट उचलून पसार व्हायचा, आणि मी एकटी सापडायचे.

मोर्चात बाबा एकदम खूश. माकडटोपी, मफलर आणि हातात पुठ्ठ्याचा फलक... वर मराठीत 'युद्ध नको', खाली इंग्रजीत 'नो वॉर'. एका जर्मन आजींनी वरचं काय लिहिलंय ते विचारलं, तर बाबांनी त्यांच्याकडून 'युद्ध नको' नीट म्हणवूनच घेतलं.

परत आलो आणि जिन्यातच डेनिस भेटली. ती आमच्या खालच्या मजल्यावर राहायची. तिचा नवरा इथल्या अमेरिकन तळावर, सैन्यात ट्रक चालवायचा, आणि नुकतंच त्याला कुवेतला पाठवलं होतं. कडेवर लहानगी मुलगी होती.

तिने फलक वाचला. "हॅलो" म्हणाली आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

बाबांचा चेहरा उतरला. "वैशू, तिचा नवरा तिकडे गेलाय हे मला सांगायचंस ना गं." सांगितलं होतं मी... पण तेव्हा बाबा व्हिएतनाममध्ये होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात डेनिस, मुलीला घेऊन. तिला बाबांशीच बोलायचं होतं.

किचनमध्ये टेबलाशी बसली आणि थेट विचारलं, "तुम्ही हिस्टरी शिकवता ना? मग मला सांगा, माझा नवरा चुकीच्या कामाला गेलाय का?"

मी चहा टाकत होते. म्हटलं, आता बाबा एकाहत्तरपासून सुरुवात करणार!

बाबांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. मग त्यांच्या त्या सावकाश, शाळेतल्या इंग्रजीत म्हणाले, "हे युद्ध चुकीचं आहे असं मला वाटतं. तू समोर बसलीस म्हणून मी वेगळं सांगणार नाही. आणि तुझा नवरा धडधाकट परत यावा, असंही मला वाटतं. अगदी मनापासून. नाव काय त्याचं?"

"मार्कस," ती म्हणाली... आणि रडायलाच लागली. "आमच्या तळावरचे लोक त्याला हीरो म्हणतात. बाकीचे माझ्याकडे बघत नाहीत. नाव कुणीच विचारत नाही."

तोपर्यंत तिची मुलगी बाबांच्या मांडीवर चढून त्यांचा चष्मा ओढत होती.

पुढच्या महिन्यात युद्ध सुरू झालं. बाबा रोज खाली जाऊन "मार्कसचा फोन आला का?" विचारून यायचे. आणि मोर्चालाही जायचे. आदल्या दिवशी डेनिसला तसं सांगून! ती म्हणायची, "थंडी आहे, सांभाळून जा."

तिच्या पाळीची केअरवोखंही बाबाच करायला लागले. म्हणजे जिना झाडायची-पुसायची आठवड्याची पाळी... आमच्या श्वाबन, म्हणजे या भागातल्या मूळच्या, शेजाऱ्यांना त्यात जरासुद्धा ढिलाई चालत नाही. प्रशांतने चिडवलं, "काय बाबा, अमेरिकेचा जिना पुसताय?" बाबा फडकं पिळत म्हणाले, "जिना डेनिसचा आहे."

बाबा उन्हाळ्यात नागपूरला परतले. मार्कस आला तो हिवाळ्यात... वाळलेला, गप्प गप्प. एक दिवस मुलीला घेऊन वर आला आणि म्हणाला, "मला तुमच्या बाबांशी बोलायचंय."

मी नागपूरला फोन लावून दिला. पाच मिनिटं तो नुसता "येस सर... नो सर" म्हणत होता. मग भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी मुलीला घेऊन दुसऱ्या खोलीत गेले.

नंतर बाबांना विचारलं, काय बोललात? म्हणाले, "झोप लागते का विचारलं. नाही म्हणाला. म्हटलं, मलाही लागत नाही या वयात... झोप आली नाही की फोन करत जा."

आणि तो करायचा! परदेशी फोन करायचं कॉलिंग कार्ड घेऊन, पुढची कितीतरी वर्षं, अमेरिकेला परत गेल्यावरसुद्धा.

बाबांचं अमेरिकेच्या युद्धांबद्दलचं मत शेवटपर्यंत तसूभरही बदललं नाही. पण राग कुणावर धरायचा आणि माया कुणावर करायची, यात त्यांनी कधी गल्लत केली नाही. बाबा गेले तेव्हा नातेवाइकांच्या आधी मार्कसचा फोन आला होता... आणि त्या दिवशी आम्ही दोघंही फोनवर बराच वेळ नुसते रडलो. अशा माणसाच्या घरात मी सून म्हणून आले, हे माझं भाग्य.