वास कुणाचा?

कोलकात्यात, बालीगंजच्या दवाखान्यात शेजारी बसलेल्या त्या बंगाली आजींचं नाव विचारायचं राहूनच गेलं. त्यांनी मात्र हिंदीत थेट विचारलं, "तुला काय होतंय?" आवाज असा, की अख्ख्या रांगेने कान टवकारले.

"अंगावरून पांढरं जातं," मी कुजबुजले. "आणि माशासारखा वास येतो." तसा वास म्हणजे बिघाड, असं मोबाइलवर वाचल्यापासून माझी झोप उडाली होती.

आजींनी चष्मा कपाळावर सरकवला. "खाज? जळजळ? हिरवा-पिवळा रंग?"

"नाही."

"वास कधी येतो?"

"दिवसभर. खिडकी उघडली की जास्त."

"राहतेस कुठे?"

"मासळीबाजाराच्या मागे. ह्यांची बदली झाली, नुकतेच आलोय. आम्ही शाकाहारी."

रांग खो खो हसली. आजी हसल्या नाहीत. "थोडं पांढरं सगळ्याच बायकांना जातं. पण आलीच आहेस, तर तपासून घे. मासासुद्धा आम्ही कल्ले उघडून बघितल्याशिवाय घेत नाही."

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. सगळं ठीक होतं. बाहेर येऊन बाकावर बसले, तर आजी आपली बाजाराची पिशवी माझ्या मांडीवर ठेवून आत गेल्या. पिशवीतून शेपटी डोकावत होती. कोलकात्यात आल्यापासून पहिल्यांदाच मी पदर नाकाला न लावता दीर्घ श्वास घेतला.

वास माशाचाच होता.