मावशीने लिहिलेलं पान

माझी मावशी सत्तावीस वर्षं एका प्रकाशन संस्थेत संपादनाचं काम करते. ऑफिसात तिला ‘कात्री’ म्हणतात, पण तिने कापण्यापेक्षा जोडलंय जास्त. पुस्तकावर नाव लेखकाचं, हिचं कुठेच नाही. तिला त्याचं काही वाटत नाही. मलाच वाटतं.

एका नामवंत कादंबरीकाराने नायिकेचे वडील जातात तो प्रसंग दोन वाक्यांत उरकला होता: ‘वडील गेले. घर सुनं झालं.’ मावशीने त्याला विचारून तिथे एक पान लिहिलं. आमचे आजोबा घराबाहेर पडताना शर्टाच्या खिशावर दोनदा थाप मारायचे, चष्मा घेतलाय ना म्हणून. ते गेले त्या सकाळी मावशीने त्यांचा खिसा चाचपला होता. चष्मा तिथेच होता. तेच तिने लिहिलं. कादंबरीकार ‘‘वा!’’ म्हणाला आणि पान खुशाल आपलं करून टाकलं.

पुस्तक गाजलं. सध्या साहित्यातल्या शहाण्यांना एकच वेड लागलंय: कुठलं पुस्तक माणसाने लिहिलं आणि कुठलं यंत्राने, ते नुसतं हुंगून ओळखायचं. एका समीक्षकाने भर चर्चासत्रात नेमकं तेच पान वाचून दाखवलं.

‘‘मेलेल्या बापाचा खिसा कोणती लेक चाचपते हो? ही यंत्राची करामत आहे!’’

सभागृह हसलं. मावशी पाचव्या रांगेत होती, मी तिच्या शेजारी. कादंबरीकाराने सरळ काखा वर केल्या. ते पान म्हणे प्रकाशकांच्या ऑफिसात परस्पर घातलं गेलं.

दुसऱ्या दिवशी प्रकाशकांनी मावशीपुढे टाइप केलेलं पत्र ठेवलं. ते पान आपण यंत्राकडून लिहून घेतलं, असा तिचा कबुलीजबाब.

‘‘साहेब, ते मी लिहिलंय. माझ्या वडिलांवर.’’

‘‘मला ठाऊक नाही का? पण तुम्ही लिहिलंत म्हटलं, तर पुस्तक त्यांचं राहत नाही. यंत्राने लिहिलं म्हटलं, तर नुसती ऑफिसातली चूक. महिन्याभरात लोक विसरतील.’’

मावशीने पत्र वाचलं. सवयीने लाल पेन उघडून त्यातलं एक पसरट वाक्य आटोपशीर केलं आणि सही केली.

‘‘अगं, लेखकाला उघडं पाडायचं नसतं,’’ एवढंच ती मला म्हणाली. मी इतकी चिडले की दोन दिवस तिच्याशी बोलले नाही.

नव्या आवृत्तीतून ते पान तिनेच काढलं. ती दोन वाक्यं परत आली. परवा त्याच समीक्षकाने पेपरात लिहिलं, की आता कुठे या प्रसंगात माणूस दिसतो.

मावशीने पेपर घडी करून ठेवला. जेवताना मध्येच तिचा हात थांबला.

‘‘तू होतीस ना गं तेव्हा? मी बाबांचा खिसा खरंच चाचपला होता ना?’’

तेव्हा मी दारात उभी होते. मी पाहिलं होतं. तिला तसं तीनदा सांगितलं, तरी ती माझ्याकडे बघतच राहिली.