पूर नेमका कुठवर आला होता

किन्हीराजा म्हणून एक गाव आहे, त्याच्या अलीकडे आमचं गाव. गावाबाहेर रेल्वेखालून नाला वाहतो. तिथली जुनी मोरी पाडून नवा पूल बांधायचं ठरलं, तेव्हा रेल्वेचे एक तरुण साहेब चौकशीला आले. नाल्यात घोट्याएवढं पाणी होतं.

"आजवर सगळ्यात मोठा पूर कुठवर चढला होता?" त्यांनी जमलेल्या माणसांना विचारलं. "त्याच्याहून पूल उंच ठेवावा लागतो, नियमच आहे तसा."

एकानं कमरेला हात लावला, दुसऱ्यानं छातीला. माझे वडील बुटके, त्यांनी हात डोक्याच्या वर नेला. काका म्हणाले, "साहेब, आमचा बैल पोहून राह्यला होता, नुसते शिंगं दिसत होते!" साहेबांनी वहीतला आकडा तीनदा खोडला.

आई, काकू आणि मी सोयाबीन सोंगून त्याच वाटेनं परतत होतो. काकू थांबली.

"काहून फेकून राह्यले? त्या बाभळीच्या बेचक्यापर्यंत पाणी होतं. बोटभरबी वर नाही."

"तुम्हाला कसं माहीत?"

"धुवाले आणलेली साडी वाहून गेली ना. पाणी उतरल्यावर तिथंच अटकलेली भेटली. पार चिंध्या."

"कोणती साडी?" आईनं विचारलं.

"जांभळी, जरीकाठाची," काकू बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

तशी साडी घरात एकच होती, आईच्या माहेरची. ती पेटीतून गेल्यापासून आईचा संशय आत्यावर होता. आत्या आली की पेटीला कुलूप लागायचं.

"मले न विचारता नेसली तू?"

"बहिणीच्या लग्नात, बाई. धुवून गुपचूप ठेवून देईन म्हटलं, तर पूरच आला."

साहेबांनी हळूच विचारलं, "मग खूण बेचक्यावर करू?"

"करा ना!" आई कडाडली. "माही साडी तिथवर गेली, मंग पाणी गेलंच असन!"

बाभळीवर तांबडा पट्टा ओढला गेला. त्या संध्याकाळी आईनं आत्याला फोन करून दिवाळीला बोलावलं, कारण मात्र सांगितलं नाही. काकूशी दोन दिवस अबोला होता. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता आईनंच विचारलं,

"कशी दिसत होती वं तुह्या अंगावर?"

"लई झकास, बाई."

"मी तं एकदाबी नेसली नव्हती," आई म्हणाली आणि पहिली गरम भाकरी तिनं काकूच्या ताटात टाकली.