पोत्याखालची गाडी

ऊन आणि पाऊस इतर माणसांना ऋतू म्हणून भेटतात, आमच्या मामांना ते दुश्मन म्हणून भेटत. हे मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. परभणीत त्यांचं पंपाच्या जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळायचं, वाइंडिंगचं दुकान होतं. येणाऱ्या मोटारींपैकी निम्म्या उन्हानं नाहीतर पाण्यानं गेलेल्या असत आणि तो करपलेला वास मामांच्या नाकात असा बसला होता की तव्यावर भाकरी जरा लागली तरी ते मेन स्विच बंद करायला धावत.

अशा माणसानं स्वतःच्या हातानं बॅटरीवर चालणारी चारचाकी बनवली, ती आत्यासाठी. आत्याला डिझेलचा वास सोसत नसे. एसटीत पाय ठेवला की पोटात ढवळून येई, आणि बैलगाडीचे हिसके कंबर घेत नव्हती. त्यामुळं पोखर्णीतलं आमचं घर, म्हणजे तिचं माहेर, इतक्या जवळ असून कित्येक वर्षांत तिला दिसलं नव्हतं. नामांतराच्या दिवसांत एसटी बंद राहिली की माणसं हळहळत. आत्या म्हणे, "मला काय, माझी तर कवाचीच बंद हाय."

गाडी तयार झाली, गल्लीत फिरलीही. पण मामांचं समाधान होईना. उन्हाळ्यात बॅटऱ्या तापतात म्हणून ते पत्र्याला भोकं पाडत, वर ओली पोती टाकत, आणि घरातला एकुलता एक वाळ्याचा पडदा आत्याच्या खिडकीवरून उतरून गाडीपुढं जाई. आत्या पदरानं वारा घेत बसे. मृग लागायच्या आत तीच भोकं डांबरानं बुजवायची, वायरींवर सायकलच्या ट्यूबा चढवायच्या, खताच्या प्लास्टिकच्या पिशव्या बांधायच्या. मग मामा घागरीनं टपावर पाणी ओतत आणि आत थेंब येतो का ते बघायला आत्याला गाडीत बसवत. त्या गाडीत ती सगळ्यांत जास्त बसली ती अशी, जागच्या जागी. "अंघूळ झाली, आता माहेर बी दाखवा," ती म्हणे. आम्ही हसत असू, पण तिला खरंच जायचं होतं हे आम्हाला कळत होतं.

उन्हाळा जाऊ दे, पावसाळा जाऊ दे, करता करता वर्षं गेली. एका थंडीत, मी परभणीला त्यांच्याकडं असताना, आत्या मामांना म्हणाली, "आता ऊन न्हाई, पाऊस न्हाई. आताच जाऊ की."

मामा गाडीखालून बाहेरसुद्धा आले नाहीत. "उन्हाळा तोंडावर आलाय. भोकं पाडायलोय की मी."

आत्यानं त्यांना चहा नेऊन दिला. संक्रांतीनंतर ती तापानं पडली, ती पुन्हा उठली नाही. त्या थंडीतले ते कोरडे, गार दिवस मला अजून सलतात.

पुढच्या पावसाळ्यात, झड लागलेली असताना, आवाज न करता एक गाडी पोखर्णीला आमच्या दारात येऊन उभी राहिली. ती दिसताच आई क्षणभर सगळं विसरून भाकरतुकडा आणायला आत वळली. ओवाळायला बाहेर आली तेव्हा मामा एकटेच उतरत होते, नखशिखान्त भिजलेले. गाडीवर ना पिशव्या, ना ट्यूबा. उन्हाळ्यातली भोकं तशीच उघडी होती. शेजारची रिकामी जागा बघून आईला रडू आवरेना.

मामा ओसरीवर टेकले. "परभणीपासून पाण्यातच आलो," ते म्हणाले. "काय झालं न्हाई गाडीला. कुठंच काय झालं न्हाई."

वडील एक पोतं घेऊन गाडी झाकायला अंगणात उतरले, तेव्हा मामांनी त्यांना थांबवलं. "राहू द्या पाव्हणं. भिजू द्या."

वडील पोतं हातात धरून तसेच त्यांच्याशेजारी येऊन बसले, आणि पाऊस उघडेपर्यंत आम्ही सगळे गाडीकडं बघत राहिलो.